दुकानातले वाजंत्री गणपती आणि खुंटीवरचं घुमट

जोयडा आणि रामनगर या दोन्ही बाजारांत श्रावण सरत आला की दुकानं सजायला लागतात. चतुर्थीला चढवलेली माळ दसऱ्याला उतरत नाही, दिवाळीला तिच्यात भर पडते आणि नाताळचा तारा लागेपर्यंत ती तिथेच लोंबत असते. या सजावटीत वाद्यांचा, गाण्याबजावण्याचा भाग पुष्कळ असतो. तेवढ्याच भागाबद्दल मला इथे बोलायचं आहे, आणि बोलायचं म्हणजे बरं-वाईट ठरवायचं आहे. नुसती नोंद करून सोडायचं नाही.

आपल्या मंडळाच्या टिपणांत देवळं येतात, घाटवाटा येतात, धरणाखाली गेलेली गावं येतात. दुकानाची सजावट हा त्या रांगेत बसणारा विषय नाही असं काहींना वाटेल. पण शिलालेख आपल्यासाठी थांबून राहतो. सजावट थांबत नाही. चतुर्थीचं थर्माकोल अनंत चतुर्दशीनंतर गटारात दिसतं आणि पुढच्या वर्षी दुकानदाराला स्वतःलाच आठवत नाही की गेल्या साली काय लावलं होतं. गावाला स्वतःबद्दल काय दाखवावंसं वाटत होतं, याचा एवढा उघड कागद दुसरा नसेल. तो दरवर्षी फाडला जातो, म्हणून जे दिसतं ते लिहून ठेवलेलं बरं.

आधी काय दिसतं ते सांगतो. भेटवस्तूंच्या, स्टेशनरीच्या, मोबाइलच्या दुकानांत काचेमागे सगळ्यात पुढे असतो तो वाद्य वाजवणाऱ्या गणपतींचा संच. चार किंवा पाच मूर्ती, वीतभर उंचीच्या, रेझिनच्या किंवा प्लास्टरच्या, सोनेरी नाहीतर चटक रंगातल्या. एक गणपती तबला वाजवतो, एक सतार किंवा वीणा, एक बासरी, एक ढोलक, आणि पाचवा असलाच तर पेटी. हा संच तुम्ही बेळगावात पाहिला असेल, हुबळीत पाहिला असेल, पुण्यात लग्नात भेट म्हणून स्वीकारला असेल. तोच इथे आहे. त्याच्या मागे थर्माकोलची किंवा सनबोर्डची मोठी वीणा, तिच्यावर चमकी. वरून स्वरलिपीसारखी दिसणारी काळी चिन्हं. ती पाश्चात्त्य पद्धतीची, पाच रेघांवर बसणारी. आपल्याकडे ती वाचणारा माणूस शोधायला गेलात तर एखाद्या चर्चच्या गायनवृंदात सापडेल. आणि सगळ्याभोवती दिव्यांच्या माळा.

मूर्तींकडे जरा नीट पाहा, कारण पाहण्यासाठीच तर त्या ठेवल्यात. तबला वाजवणाऱ्या गणपतीपुढे कित्येकदा डग्गा नसतोच, दोन सारखी गोल खोडं असतात. सतारीला तारा नसतात. दांडीवर चार रेघा ओढलेल्या. बासरी सोंडेच्या जवळपास कुठेतरी धरलेली, फुंकायची कुठून ते साच्यावाल्याने ठरवलेलंच नाही. कुणी म्हणेल, मास्तर, मूर्तीकडून एवढी अपेक्षा कशाला? मी करतो, कारण सावंतवाडीचा किंवा गोकाकचा लाकडी खेळणी करणारा कारागीर फळ करतो तेव्हा ते फळ ओळखू येतं. देठसुद्धा असतो. ज्याने वस्तू हातात घेतलेली असते त्याच्या हातून तिची नक्कलही बरी होते. या संचात वाद्य हे वाद्य नाहीच. 'इथे संगीत आहे असं समजावं' एवढी ती खूण आहे. दुकानदाराचा यात दोष नाही. ठोक बाजारात जो खोका मिळतो तो तो आणतो, आणि तो खपतो.

माळांबद्दल माझं मत याच्या उलट आहे, आणि ते ऐकून आमच्या बैठकीत दोघेतिघे हसले. मी म्हणतो ती जुनी म्युझिकवाली माळ. लहान डबी, तिच्यात एक चिप, बटण दाबलं की दिव्यांची उघडझाप आणि किरटा आवाज. एलईडीच्या नव्या माळांत ती कमी झाली, तरी अजून कुठे कुठे असते. ती काय वाजवते? बहुतेक वेळा 'जिंगल बेल्स' आणि तिच्या भावंडांपैकी नाताळची दोन-चार गाणी, एकापाठोपाठ एक, मध्ये दम न घेता. जेम्स पियरपॉन्ट नावाच्या अमेरिकन माणसाने बर्फावरच्या घसरगाडीबद्दलचं ते गाणं 1857 साली छापलं. दीडशेहून अधिक वर्षांनी ते जोयड्याच्या चतुर्थीत, भाद्रपदाच्या पावसात, पत्र्यावर धबधबा चालू असताना, गणपतीच्या मखरामागे वाजत असतं. हसायला येतं, मान्य. माळ परदेशातल्या नाताळ बाजारासाठी बनली आणि उरलीसुरली आपल्याकडे आली, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या पाच मुक्या गणपतींपेक्षा मला ती माळ पसंत आहे. ती वाजते. पोरं दुकानासमोर उभी राहून तिच्या ठेक्यावर नाचतात, दुकानदार वैतागून बटण बंद करतो, ती परत चालू करतात. संगीताच्या सजावटीत संगीत असावं, ही काही फार मोठी मागणी नाही.

कॅसलरॉकला मात्र त्याच माळेचा अर्थ बदलतो. गोव्याची रेल्वे 1880च्या दशकात घाट चढून तिथे पोचली तेव्हापासून ते सरहद्दीचं स्टेशन. 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत प्रवाशांचं सामान तिथे उघडून पाहत. रेल्वेच्या नोकरीमुळे गोवेकर ख्रिस्ती कुटुंबं त्या वसाहतीत राहिली, आणि डिसेंबरात तिथल्या दाराला लागलेला कागदी तारा हा दुकानातून सुचलेला नाही, घरातून आलेला आहे. माळ तीच, चिप तीच. पण तिथे ती चुकून वाजत नाही.

आता थोडं मागे जाऊ. काच ही आपल्या बाजारात नवी गोष्ट आहे. या तालुक्याचं नाव सुपा होतं आणि सुपा हे गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर होतं. धरणाचं काम 1974 मध्ये सुरू झालं, 1987 मध्ये पुरं झालं. 101 मीटर उंचीची ती भिंत गणेशगुडीला उभी आहे, आणि गाव पाण्याखाली. कचेऱ्या जोयड्याला आल्या, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. त्या काळात या भागातली दुकानं फळ्यांची असत. पुढची भिंत म्हणजे उभ्या लाकडी फळ्या, प्रत्येकीवर आकडा, सकाळी एकेक काढायची आणि रात्री त्याच क्रमाने खाचेत सरकवायची. फळी काढली की दुकान आणि रस्ता यांच्यात काहीच नसे. माल समोर, वर टांगलेला, गोणीत उघडा. हात लावून, हुंगून, वाजवून घ्यायचा. घागर घेताना बायका बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकत. मडकं तडकलेलं आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा कान लवकर सांगतो. 'पाहा पण हात लावू नका' ही रीत सिमेंटची दुकानं, शटर आणि काच आल्यावर आपण शिकलो.

या दोहोंच्या मध्ये एक काळ होऊन गेला, आणि माझ्या मते आपल्याकडच्या संगीताच्या सजावटीचा तोच सगळ्यात चांगला काळ. कॅसेटचा. 1980 नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि दांडेली, लोंढा, हल्याळ अशा ठिकाणी तिची दुकानं निघाली. एक दार, दोन स्पीकर, भिंतभर कॅसेटी. दांडेलीला पन्नाशीच्या दशकापासून कागद गिरणी, त्यामुळे चार प्रांतांचे कामगार आणि चार भाषांची गिऱ्हाइकं. चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस त्या दुकानाचा दर्शनी भाग पाहण्यासारखा व्हायचा. लता मंगेशकरांच्या आवाजातल्या आरत्या वरच्या ओळीत, त्यांच्याशेजारी प्रल्हाद शिंदे, खाली कन्नड भक्तिगीतं, एका कडेला गोव्याची तियात्रांची कांतारां, आणि खालच्या फळीवर ज्या भजनी मंडळाचं नाव गावाबाहेर कुणी ऐकलं नाही त्यांची दोरंगी कव्हराची कॅसेट. कुणी कलाकाराने ती मांडणी केलेली नव्हती. मालच सजावट होता. आणि बाहेरच्या स्पीकरवर जे वाजत असे ते त्या काचेतलंच कुठलंतरी एक असे. आवडलं तर आत जाऊन मागायचं. दाखवलेली वस्तू, ऐकू येणारी वस्तू आणि विकली जाणारी वस्तू एकच. दुकानाच्या सजावटीला मी जी कसोटी लावतो ती तिथून उचललेली आहे.

त्या कॅसेटनेच घराघरांतल्या आरत्यांचा ताल एकसारखा केला, हेही खरंच. शहरात ध्वनिमुद्रित झालेली चाल अणशीच्या रानातल्या वाडीवर पोचली आणि तिथली लांबवलेली, मध्ये घुमटाचा तुकडा घेणारी आरती मागे सरली. माझी तक्रार आहे. पण ती कॅसेटच्या दुकानाबद्दल नाही.

आता ज्या वाद्याचं नाव आत्ताच आलं त्याच्याकडे येतो. जोयड्याच्या दुकानांत सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत जी वाद्यं दिसतात ती मोजा: तबला, सतार, वीणा, बासरी, ढोलक, पेटी, आणि नाताळात गिटार. घुमट कुठेच नाही. ज्या तालुक्यात कुणब्यांच्या घरी चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कांसाळी घेऊन आरत्या म्हणतात, जिथे तेच घुमट शिगम्यालाही निघतं, तिथल्या बाजाराच्या संगीताच्या सजावटीत ते नाही. शेजारी गोव्यात हिंदूंच्या आरतीत आणि ख्रिस्त्यांच्या मांड्यात, दोन्हीकडे ते वाजतं. कारवार-अंकोल्याकडे हालक्की लोकांत ते गुमटे म्हणून आहे. म्हणजे आपल्या चारी बाजूंना ते आहे, घरात खुंटीला आहे, फक्त काचेमागे नाही.

ज्यांनी ते जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी: घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं मडकं. एक तोंड रुंद, त्यावर चामडं ताणून दोरीने आवळलेलं. दुसरं तोंड अरुंद आणि उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डावा तळवा उघड्या तोंडावर. तळवा झाकला-उघडला की आतली हवा कोंडते आणि सुटते, आणि आवाज खालीवर होतो. बोल बोटांचे, पण गाणं डाव्या तळव्याचं. सोबतीला शामेळ असतं, ते बारीक काठ्यांनी वाजतं, आणि काशाची कांसाळी. तीन माणसं पुरतात. ओसरी असली की झालं. माइक लागत नाही.

मग ते दुकानात का नाही? दुकानदाराला मी विचारलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर साधं होतं: "मास्तर, ते कोण विकत घेतो? ज्याच्या घरी आहे त्याच्या घरी आहे." हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. चामडं हे मोठं कारण आहे. घुमटाला परंपरेने घोरपडीचं कातडं लावत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला वरच्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तिला मारणं आणि तिचं कातडं बाळगणं हा गुन्हा. आणि आपला तालुका म्हणजे काही शहराकडेचं रान नाही. अणशीचं राष्ट्रीय उद्यान 1987 सालचं, 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 पासून त्याला काळी नदीचं नाव आहे. वनखात्याचा माणूस इथे दर दोन वळणांवर भेटतो. ज्या घरात आज्याचं घुमट आहे त्या घरात ते उजेडात आणायचं की नाही याचा विचार करावा लागतो. जे लपवायचं ते दुकानाच्या काचेत कसं येणार? चाळीस-पन्नास वर्षं एखादं वाद्य असं दबून राहिलं की पुढच्या पोरांना ते आपलं मिरवायचं वाद्य आहे हेच माहीत होत नाही. त्यांना दुकानातली वीणा माहीत असते.

कायद्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही. घोरपड वाचली पाहिजे. गोव्यात घुमटांना बकऱ्याचं कातडं लावायला लागून बरीच वर्षं झाली, त्याच घुमटांवर तिथे आरत्यांच्या स्पर्धा होतात, आणि सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. आवाजात फरक पडतो का? पडतो. घोरपडीचं कातडं पातळ आणि ताठ, त्याचा नाद मोकळा; बकऱ्याचं जाड असलं की आवाज बसका येतो आणि पावसाळी हवेत ते लवकर ढिलं पडतं. जुने वाजवणारे यावर तोंड वाकडं करतात, आणि त्यांचा कान खोटा नाही. पण भाद्रपदात घोरपडीचं घुमटसुद्धा चुलीच्या उबेला धरल्याशिवाय बोलत नसे. कातडं नीट तासलं, नीट ताणलं आणि मधूनमधून शेकलं तर बकऱ्याच्या घुमटावर आरती होते, चांगली होते. जे गेलं त्याच्यासाठी रडण्यापेक्षा जे वाजतं ते वाजवावं, असं माझं म्हणणं.

इथे सरहद्दीची एक गंमत, खरं तर गंमत नाही, सांगितली पाहिजे. अनमोडचा घाट उतरला की पलीकडे गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. अलीकडे आमच्या कुणब्यांची तीच मागणी वर्षानुवर्षं पडून आहे. नाती दोन्हीकडे, बोली जवळपास एक, वाद्य एक. पलीकडे ते वारसा, अलीकडे खुंटीवर. 'तुमची वेगळी संस्कृती काय?' असा प्रश्न कागदावर विचारला जातो तेव्हा बाजारात वीणा आणि घरात लपवलेलं घुमट ही स्थिती नुसती सजावटीची राहत नाही.

आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी यावर एक उपाय काढला, आणि तो मला तितकाच नापसंत आहे. ते म्हणतात, थर्माकोलच्या वीणेऐवजी थर्माकोलचं घुमट करू. वेशीवर कमान करू, तिच्यावर घुमटाचं चित्र. दुकानांना छापील पट्टी देऊ, 'आपला वारसा'. याने काय बदललं? मुकी वीणा गेली, मुकं घुमट आलं. काळी नदीवर राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या एका रिसॉर्टमध्ये हा प्रकार आधीच पाहून झाला आहे: घुमटाच्या घाटाची मडकी छताला उलटी टांगलेली, आत पिवळा बल्ब. दिसतं छान. तिथल्या पोऱ्याला विचारलं हे काय, तर म्हणाला, "लॅम्पशेड, सर." पोरगा कुणब्याचाच होता.

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत जोयड्याच्या किंवा रामनगरच्या बाजारात जा आणि दुकानाच्या काचेकडे पाठ करून उभे राहा. रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या पायरीखाली, गोणपाटावर बायका बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे माटोळीचं सामान: नारळाची पेंड, सुपारीचे कातरे, मावळिंगं, तोरिंजनं, कवंडळं, वाघनखी, कांगलं, शेरवडं, कुड्याच्या शेंगा, आंबाडे, फागलं, चिबूड. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला ही रानाची आणि परसाची फळं-फुलं बांधायची, म्हणजे माटोळी. कारवारकडे तिला फळावळी म्हणतात. हे मांडणं कुणी सजावट म्हणून करत नाही, पण रंगाचा असा मेळ काचेमागे कधी बसलेला नाही. कांगलाचा केशरी, शेरवडाचा पांढरा, ओल्या गोणपाटाचा तपकिरी. आणि त्यात एक जुडी घागऱ्यांची असते. या शेंगा सुकल्या की आत बिया सुटतात आणि हलवल्या की वाजतात, म्हणून ते नाव. शास्त्रज्ञांनीही या झाडाला क्रोटालारिया म्हटलं ते ग्रीक भाषेतल्या टाळ-खुळखुळ्याच्या शब्दावरूनच. बायका त्या विकताना कानाशी हलवून दाखवतात. एका पोराने हात पुढे केला तर बाई म्हणाली, "वाजोवन पळय." वाजवून बघ. त्या वर्षीच्या सगळ्या संगीतमय सजावटीत गिऱ्हाइकाला असं सांगणारी मला ती एकटीच भेटली, आणि तिच्या मागच्या काचेत पाच गणपती आपापली वाद्यं धरून बसले होते.

गोव्यात सरकारचा कला आणि संस्कृती विभाग माटोळीच्या स्पर्धा घेतो, आणि तिथे फळाबियांतून मोर, रथ, देवदेवतांच्या आकृती उभ्या करण्यापर्यंत मजल गेली आहे. कौशल्य थक्क करणारं असतं. मला मात्र साधी माटोळी जास्त आवडते, जिच्यात आंबाडा हा आंबाडाच असतो. आपल्याकडे स्पर्धा नाहीत, हे त्या बाबतीत बरंच म्हणायचं. फक्त रानातून हे सामान आणणं दरवर्षी थोडं अवघड होत जातं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काही उचलायची परवानगी नसते, आणि बाई गोणपाटावर जे मांडते त्यात परसातलं आणि विकत आणलेलं वाढत चाललं आहे.

मग माझं मागणं काय? घुमट दाखवू नका, विका. भेटवस्तूंच्या दुकानात जिथे गणपतींचा संच असतो त्याच्या खालच्या फळीवर तीन घुमटं ठेवा: मोठं, मधलं, आणि पोराच्या मांडीत मावेल असं एक. किंमत लिहा. शेजारी शामेळाच्या काठ्या. आणि मुख्य म्हणजे काचेच्या बाहेर ठेवा. कुणी टिचकी मारली तर मारू द्या.

हे स्वप्नरंजन आहे असं वाटत असेल तर जोयड्याचा कंदमुळांचा मेळा आठवा. कणंग, करांदे, माडी ही एकेकाळी पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटावी अशी गोष्ट होती. रानटी लोकांचं खाणं म्हणायचे. आता दरवर्षी कुणबी बायका ती मातीसकट टेबलावर मांडतात, नावं सांगतात, तोलून पैसे घेतात, आणि शहरातून माणसं पिशव्या घेऊन येतात. त्या मेळ्यात कुणी थर्माकोलचं करांदं लावलेलं मी पाहिलं नाही. कंद खाण्याची वस्तू म्हणून विकला गेला, म्हणून त्याचा मानही वाढला. कुठे फोटो काढून चौकटीत लावला असता तर एव्हाना विसरलो असतो.

अडचणी आहेत. मडकं कोण घडवणार? तालुक्यात एका गावाचं नावच कुंभारवाडा, पण नावावर मडकं होत नाही. रामनगरहून तासाभराच्या वाटेवर खानापूर आहे. तिथली माती कुंभारकामाला नावाजलेली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच. चाकावर दोन तोंडांचं मडकं काढणं त्यांना जड नाही, फक्त समोर एक जुनं घुमट ठेवून माप द्यायला हवं. भिंत किती पातळ, अरुंद तोंड किती अरुंद, हे तोंडी सांगून जमत नाही. कातडं बकऱ्याचं, आणि पावती ठेवावी, म्हणजे वनखात्याचा माणूस दुकानात आला तर त्यालाही एक वाजवून दाखवता येईल.

वेळेचं गणित तेवढं सांभाळायला हवं. पावसात मडकं वाळत नाही आणि ताणलेलं कातडंही सुकत नाही, बुरशी धरतं. त्यामुळे चतुर्थीला दुकानात माल हवा असेल तर खानापूरला मापाचं घुमट होळीनंतर लगेच पोचवावं लागेल आणि कातडं वैशाखाच्या उन्हात चढवून घ्यावं लागेल.